दहावी, संध्याकाळी साडेसहानंतर

परळच्या एका खासगी रुग्णालयात माझ्या थोरल्या जाऊबाई ‘मावशी’ म्हणून काम करतात. बेडपॅन, चादरी, पेशंटला व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेणं, रात्री घाबरलेल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारणं, सगळं त्यांना येतं. पण ठेकेदार बदलला की नवा माणूस नवा फॉर्म पुढे करतो आणि ताई ‘शिक्षण’ या रकान्यापाशी अडतात. साताऱ्याकडच्या गावात नववीत असताना शाळा सुटली, ती सुटलीच. आता त्यांच्याच वॉर्डात त्यांच्या निम्म्या वयाच्या मुली रुग्ण सहायकाचा कोर्स करून येतात आणि पगार जास्त घेतात. कोर्सची चौकशी केली, तर तिथेही दहावी पास हवी.

“अगं, तू शिकलेली आहेस. बघ ना कुठे काही होतंय का,” एवढंच त्या मला म्हणाल्या.

शोध सुरू केला की आधी जाहिरातीच सापडतात. ‘दहावी नापास? घरबसल्या पास व्हा!’ असे कागद विजेच्या खांबांवर चिकटवलेले असतात. अशाच एका क्लासच्या काचेच्या केबिनमध्ये आम्ही जाऊन बसलो. शाळा सोडल्याचा दाखला आहे का, हे समोरच्या माणसाने विचारलंच नाही. हप्ते किती पाडू, हे मात्र दोनदा विचारलं. कुठल्या मंडळाची परीक्षा, यावर त्याने जे नाव सांगितलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. देशातल्या मान्यताप्राप्त शालेय मंडळांची ‘कोब्से’ नावाची परिषद आहे. मंडळाचं नाव तिच्या यादीत सापडत नसेल, तर पाकीट पर्समध्येच ठेवावं. आम्ही ठेवलं.

सरळ रस्ते त्यानंतर सापडले, आणि तेही एका ठिकाणी सापडले नाहीत. प्रत्येक खिडकीवरच्या माणसाला आपल्या खिडकीपुरतंच ठाऊक. पहिला रस्ता राज्य मंडळाचा ‘सतरा नंबर फॉर्म’. शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं, त्यासाठी जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे ‘एनआयओएस’चा. ही संस्था 1989 सालची. दहावीला पाच विषय, ते पाच वर्षांत सुटे सुटे सोडवता येतात, उत्तीर्ण व्हायला 33 टक्के पुरतात, आणि कमाल वयाची अट नाही. शिवाय गणित न घेताही दहावी होते! गृहविज्ञान घ्या, चित्रकला घ्या. हे वाचून ताईंचा चेहरा उजळला. शाळा सुटली तेव्हाही गणितच आडवं आलं होतं.

गोम इथेच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटरला जायचं, तर दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. सोपे विषय घेऊन सुटलेला मुलगा दोन वर्षांनी प्रवेशाच्या वेळी तिथेच अडकतो. उलट शिवणकामाच्या ‘सुइंग टेक्नॉलॉजी’ या ट्रेडला आठवी पास चालते, आणि महाराष्ट्रात आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही. म्हणजे शिवणच शिकायचं असतं, तर ताई आहेत त्या शिक्षणावरही अर्ज करू शकल्या असत्या. आधी ट्रेड ठरवावा, मग विषय. आपल्याकडे सगळं उलट्या क्रमाने होतं.

माझे सासरे गिरणीतले. ते म्हणाले, “श्रमिक विद्यापीठात विचारलंत का?” मला वाटलं, जुनं काहीतरी बोलताहेत. पण देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ 1967 मध्ये मुंबईतच, वरळीला निघालं होतं. गिरणी कामगार आणि त्यांच्या घरच्यांना हातातलं काम शिकवायचं, ही कल्पना. 2000 साली या केंद्रांचं नाव ‘जन शिक्षण संस्थान’ झालं आणि 2018 मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. निरक्षर, अर्धवट शाळा सुटलेले, साधारण 15 ते 45 वयाचे, अशांसाठीच ती आहेत. ताईंना हवा होता तो कोर्स तिथे मिळाला नाही, पण शेजारची एक मुलगी आमच्या मागोमाग जाऊन ब्युटीपार्लरच्या कोर्सला नाव घालून आली.

ताईंनी मात्र शेवटी निराळंच सांगितलं. “नुसती परीक्षा नको गं. फळ्यासमोर बसायचंय.”

मग रात्रशाळा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत गिरण्यांच्या काळात हीच रीत रुजली. गिरण्या गेल्या, रात्रशाळा काही उरल्या. दिवसाच्या शाळेच्याच इमारतीत, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास घंटा होते. आम्ही गेलो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी घाई केली नाही. “सतरा नंबर भरलात तर वर्ष वाचेल, पण बीजगणित कोण शिकवणार? आमच्याकडे नववीपासून बसा.” दोन वर्षं म्हटल्यावर मी बिचकले. ताई नाही बिचकल्या.

दाखल्यासाठी गावाकडे जावं लागलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ताईंचं नाव सापडलं, अर्थात माहेरचं, वडिलांच्या आडनावासह. दाखल्याची दुसरी प्रत मिळाली. आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं, म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं. शाळेच्या हजेरीत मात्र माहेरचंच नाव लागलं. सर ते नाव पुकारायचे आणि चाळिशी ओलांडलेल्या ताई ‘हजर’ म्हणायच्या. घरी येऊन हे सांगताना त्या दर वेळी हसायच्या.

वर्गात डिलिव्हरीची पिशवी बाकाखाली सरकवून बसणारा मुलगा, दोन घरची भांडी उरकून आलेल्या मुली, एक वॉचमन. 2008 पासून ‘मासूम’ ही संस्था मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम करते. संध्याकाळचं खाणं, फिरती विज्ञान प्रयोगशाळा असं काय काय ती पुरवते. कामावरून थेट आलेल्या पोराच्या पोटात काही नसेल तर प्रमेय डोक्यात कसं शिरणार, हे कुणाला तरी सुचलं याचं मला फार कौतुक वाटलं.

गणिताच्या सरांना ताई कुठे काम करतात हे कळलं, तेव्हा त्यांनी फळ्यावर सलाईनची बाटली काढली. बाटली 500 मिलीची, एका मिलीत 20 थेंब, मिनिटाला 40 थेंब पडताहेत, तर बाटली कधी संपेल? वर्ग पेन चावत बसला. ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “चार तासांवर थोडी जाते.” दहा हजार थेंब, 250 मिनिटं. उत्तर बरोबर होतं, आणि रीत त्यांनी त्यानंतर शिकून घेतली.

दहावीच्या परीक्षेच्या वेळी कामावरून सुट्टी मिळेना. “या वयात परीक्षा कसली?” असं सुपरवायझर सरळ म्हणाला. शेवटी दोघी मैत्रिणींनी आपापल्या पाळ्या बदलून दिल्या आणि ताईंचे सगळे पेपर झाले. गणितात काठावर, मराठीत उत्तम. गुणपत्रिकेवरही माहेरचंच नाव आहे. रुग्ण सहायकाच्या कोर्सला त्यांना प्रवेश मिळाला असून सध्या त्या प्रात्यक्षिकं करताहेत.

राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तुमच्या घरी, दुकानात, सोसायटीच्या गेटवर काम करणारं कुणी त्या परीक्षेला बसलेलं असेल, तर वेळापत्रक मागून घ्या आणि पेपरच्या दिवसांची भरपगारी सुट्टी द्या.