तेरावा आठवडा

मंगळवारी पहाटे साडेपाचला आमचा आठवडा बदलतो. ग्रीनिचला तेव्हा मध्यरात्र असते आणि आयरेसिंग या संगणकावरच्या शर्यतींच्या खेळाचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. सोमवारपर्यंत जगभरची माणसं ज्या ट्रॅकवर एकमेकांच्या बंपरला चिकटून धावत होती तो वेळापत्रकातून उतरतो, दुसरा चढतो. असे बारा आठवडे झाले की सीझन संपला. वर्षात असे चार सीझन, आणि दर दोन सीझनांच्या सांध्यावर एक तेरावा आठवडा. त्यात नेहमीच्या स्पर्धा थांबलेल्या असतात, गमतीच्या शर्यती चालतात आणि नवं बिल्ड उतरतं. नव्या गाड्या, नवे ट्रॅक, आणि जुन्या सगळ्याची आतून केलेली उस्तवार.

मी सिम रेसिंग करतो. म्हणजे दिवसा पिंपरीत नोकरी, आणि रात्री जेवणं उरकल्यावर मागच्या खोलीत स्टिअरिंग, तीन पेडल आणि स्क्रीन. घरच्यांच्या लेखी तो व्हिडिओ गेम आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पण या गेममध्ये गाडी वळवायला शिकण्यात माणसाची वर्षं जातात. याचा दोष द्यायची जागा ठरलेली आहे: डेव्ह केमर. १९९८ साली आलेला ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा खेळ त्याचाच उद्योग. १९६७ सालच्या, पंख नसलेल्या, अरुंद टायरांच्या फॉर्म्युला वन गाड्या त्याने इतक्या प्रामाणिकपणे उभ्या केल्या की नवख्याची गाडी दुसरं वळण बघायच्या आत गवतात जायची. पुढे लिव्हरपूल फुटबॉल क्लब ज्यांच्या मालकीचा झाला त्या जॉन हेन्रींबरोबर त्याने आयरेसिंग काढलं. २००८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून यात ट्रॅक हाताने चितारत नाहीत. खऱ्या ट्रॅकवर लेझर स्कॅनर नेऊन रस्त्याचा चढउतार मिलिमीटरच्या हिशेबात मोजतात. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाचं ‘कॉर्कस्क्रू’ नावाचं वळण डोंगराच्या कडेवरून एकदम खाली कोसळतं. गाडी तिथे नाक खाली घालायच्या आधी स्क्रीनवर क्षणभर नुसतं आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसतात. पुढचा रस्ता दिसायच्या आधीच स्टिअरिंग वळवावं लागतं.

सीझनच्या जाहिरातीत हे काही नसतं. तिथे नवी गाडी चकचकीत उजेडात गोल फिरत असते. मी ते चलच्चित्र बघतो, नाही कशाला म्हणू, पण वाचतो मात्र बदलांची यादी. लांबच लांब, कंटाळवाणी, वकिली भाषेत लिहिल्यासारखी. अमुक गाडीच्या टायरचं तापमान मोजण्याचं गणित बदललं. तमुक गाडीच्या पुढच्या पंखाखालच्या हवेचा हिशेब दुरुस्त केला. जीटी३ गटात एका गाडीचं वजन थोडं वाढवलं, दुसरीची ताकद थोडी कापली, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका पातळीवर धावाव्यात. यादीतली अशी एक ओळ डाव्या पायाचं अख्खं शिक्षण रद्द करू शकते.

डाव्या पायाचं, कारण आम्ही ब्रेक डाव्या पायाने मारतो. आपल्या रस्त्यावरच्या गाडीत हा पाय फक्त क्लच ओळखतो. त्याला हळुवारपणा म्हणून माहीत नसतो. त्याला ब्रेक शिकवणं हा या कलेतला पहिला मोठा धडा. त्यात चांगलं पेडल लोडसेलचं असतं: पाय किती खाली गेला हे ते मोजत नाही, किती जोर लावला हे मोजतं. म्हणजे स्मरणात राहतो तो जोर. सरळ रस्त्याच्या टोकाला पूर्ण जोर, आणि वळणात शिरताना तो थेंबाथेंबाने सोडत जायचा. ब्रेकमुळे वजन पुढच्या चाकांवर आलेलं असतं, ते तिथे टिकवत गाडी वळवायची. जोर लवकर सोडला तर पुढची चाकं पकड सोडून सरळ घसरतात, उशिरा सोडला तर मागचा भाग पुढे यायला बघतो. या दोन चुकांच्या मधली फट शोधायची, आणि ती लॅपमागून लॅप सापडत राहील असं बघायचं. गाडी खरी असती तर पाठीला आणि कमरेला ही घसरण आधी कळली असती. खुर्ची जागची हलत नाही, म्हणून आमची भिस्त डोळ्यांवर आणि स्टिअरिंगमधून हाताला जाणवणाऱ्या ताणावर. हाताला ताण हलका लागला की समजायचं, पुढच्या टायरांनी सोडलं.

हे सगळं बारा आठवडे घोटून घ्यावं, आणि तेराव्यात कुणीतरी मॅसॅच्युसेट्समध्ये बसून टायरचं गणित बदलावं. शंभर मीटरच्या पाटीवर दाबायचा ब्रेक आता तिथे दाबून चालत नाही. मित्रमंडळींत या आठवड्यात नुसता शिमगा असतो. आधीचं बरं होतं, नवं बर्फावर चालवल्यासारखं लागतं, पैसे परत द्या. मला मात्र हाच आठवडा सगळ्यांत प्रिय आहे, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हा लेख.

सीझनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाजारात आलेलं असतं. कुठल्या गाडीला कुठला सेटअप, कुठे ब्रेक, कुठला गिअर, वळणाच्या कडेचा कुठला कर्ब खायचा आणि कुठला टाळायचा. वेगवान लोकांचे लॅप बघायला मिळतात, त्यांच्या पायाच्या जोराचे आलेख मिळतात, तयार सेटअप विकणारी दुकानं आहेत. तिथून पुढची स्पर्धा ही नकलेची स्पर्धा असते. नक्कल करणं सोपं नाही, हे मान्य. पण तेराव्या आठवड्यात नकलेला मूळ प्रतच नसते. बुद्धिबळासारखं इथेही प्रत्येकाचं मानांकन असतं, आणि माझ्याहून कितीतरी वरचा माणूसही त्या दिवशी त्याच वळणावर माझ्याइतकाच चाचपडत असतो. तो चाचपडतो कसा हे बघायला मिळतं. तयार उत्तर पाहून हे कधीच शिकता येत नाही. असा माणूस पहिल्या लॅपला चांगली वेळ नोंदवायला जातच नाही. मुद्दाम रुंद जातो, मुद्दाम लवकर ब्रेक मारतो, कर्बवर एक चाक घालून बघतो, आणि ट्रॅकला एकेक प्रश्न विचारत राहतो.

यातला सगळ्यांत मोठा तेरावा आठवडा २०२४ च्या मार्चमधला. त्या सीझनला आयरेसिंगमध्ये पाऊस आला. सोळाएक वर्षं या जगात ऊन होतं, ढग होते, पुढे रात्र आणि पहाटही आली, पण थेंब पडला नव्हता. लोक मागत होते, आणि कंपनी म्हणत होती की करू तेव्हा नीट करू. पाऊस म्हणजे काचेवर थेंब दाखवून पकड सरसकट कमी करणं, असं पुष्कळ खेळांत चालतं. इथे पाणी रस्त्याच्या उतारावरून वाहतं आणि खळग्यात साचतं. ज्या मिलिमीटरच्या मोजमापाचं काम इतकी वर्षं आमचं स्टिअरिंग थरथरवणं एवढंच होतं, त्याच मोजमापाने आता डबकी कुठे होणार ते ठरायला लागलं. गाड्या फिरल्या की चाकांखालचं पाणी बाजूला फेकलं जातं, मागच्याच्या तोंडावर तुषार उडतात, आणि पाऊस थांबला की सगळे जिथून जातात ती वाट आधी सुकते.

आम्हाला वाटलं होतं, आपण पावसाळी मुलखातली माणसं, आपल्याला काय सांगता! पहिल्या सरीला दुचाकी कशी घसरते, धूळ आणि सांडलेलं तेल यांचा कसा बुळबुळीत लेप होतो, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. घाटात धो धो कोसळत असताना पुढच्या ट्रकच्या चाकांनी पाणी कापून केलेल्या दोन पट्ट्यांवर आपली चाकं ठेवायची, हेही आपल्याला अंगवळणी असतं. शर्यतीच्या ट्रॅकवर नेमकं हेच शहाणपण अंगाशी येतं. कोरड्या दिवसांत सगळ्या गाड्या एकाच रेषेवरून जातात, त्या रेषेवर टायरचं रबर घासून बसतं, डांबराची खरखर बुजते. कोरड्यात त्या रबरामुळे पकड वाढते. ओलं झालं की तोच पट्टा काचेसारखा होतो. मग पकड शोधायची ती जिथे कुणी जात नाही तिथे: वळणाच्या बाहेरच्या कडेने, खरखरीत डांबरावरून, लांबचा वळसा घेऊन. कार्टिंग करणाऱ्या पोरांना हे लहानपणीच कळतं. आम्हाला आदर्श रेषेचं इतकं वेड लावलेलं असतं की ती सोडताना हात अडखळतो.

हाताचं तरी बरं, पायाचा गोंधळ त्याहून मोठा. कोरड्यात जोरात ब्रेक लागतो, वजन झपाट्याने पुढे येतं, म्हणून ब्रेकचा जास्त वाटा पुढच्या चाकांना दिलेला असतो. ओल्यात गाडी मुळात तितक्या जोरात मंदावतच नाही, वजन पुढे कमी येतं, आणि पुढची चाकं अडकून गाडी नांगर टाकल्यासारखी सरळ निघते. उपाय म्हणजे ब्रेकचा थोडा वाटा मागच्या चाकांकडे सरकवायचा. कागदावर हे दोन वाक्यांत संपतं. चालवताना मात्र मागचा भाग हलका वाटायला लागतो, मन घाबरतं आणि बोट बटणावर जाऊन ते पुन्हा पुढे सरकवतं. त्यात पावसाळी टायर मऊ. ट्रॅक सुकू लागला की तापतात आणि झिजतात. म्हणून शेवटी शेवटी सरळ रस्त्यावर मुद्दाम उरलेली ओल शोधत, चाकं त्यातून नेत, टायर थंड करत जायचं. म्हणजे अर्ध्या तासात ओलं टाळा, ओलं शोधा, पुन्हा टाळा असे तीन परस्परविरोधी नियम. मधल्या वेळात कोरड्याचे टायर लावायला पिटमध्ये कधी जायचं हा जुगार वेगळाच.

पहिल्या दिवशी ज्यांच्या नावाला आम्ही दबून असतो ते महारथी वॉर्मअप लॅपलाच गोल फिरताना मी पाहिले. इथे ट्रॅकबाहेर चाकं गेली तर एक दोष, ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या गाडीवर जोरात आदळलं तर चार, आणि त्यावर लायसन्सचा दर्जा ठरतो. त्या हिशेबाला पावसाची दयामाया नाही. पुष्कळांनी लायसन्स सांभाळायला कोरड्या मालिका गाठल्या. सगळ्याच गाड्यांना पावसाळी टायर मिळाले नव्हते, तेव्हा पळवाट होती.

खेळात पाऊस यायच्या आधी एक मजेशीर गोष्ट घडून गेली होती. शिकागो शहराच्या रस्त्यांवर शर्यत घ्यावी असं अमेरिकेतल्या नॅसकार या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या मनात होतं. तो ट्रॅक आधी आयरेसिंगमध्ये बांधला गेला आणि २०२१ च्या जूनमध्ये खऱ्या ड्रायव्हरांनी त्यावर संगणकातली शर्यत केली. रस्ता शहरात होताच, शर्यतीचा ट्रॅक तेवढा फक्त संगणकात. दोन वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, तिथे खरी शर्यत झाली, आणि त्या दिवशी शिकागोत धुवाधार पाऊस. संगणकातल्या शिकागोत तेव्हा कधीच पाऊस पडला नव्हता. जिंकला न्यूझीलंडचा शेन वॅन गिसबर्गन, ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्सचा तीनदा विजेता. नॅसकारच्या कप मालिकेत त्याची ही पहिलीच शर्यत. पहिल्याच शर्यतीत असा विजय त्याआधी १९६३ साली मिळाला होता. ट्रॅक ओल्यातून सुकत गेला तसतशा त्याने रेषा बदलल्या. ती शर्यत मी पुन्हा लावून बघतो. बाकीचे कुठून जातात आणि तो कुठून जातो, एवढंच बघायचं.

पैशाची तक्रार केल्याशिवाय सीझनबद्दल लिहिणं अपुरं राहील. सभासदत्वाची वर्गणी वेगळी, आणि नवी गाडी बारा डॉलरला पाच सेंट कमी, ट्रॅक कधी तेवढ्यालाच, कधी पंधराला पाच सेंट कमी. रुपयांत गुणाकार करू नये. दर तीन महिन्यांनी नवी गाडी दाखवून खिशात हात घालायला लावणं हा सीझनचा धंदा आहे, आणि नवी गाडी घेणारे बहुतेक जण चौथ्या आठवड्याला ती सोडून जुन्याकडे येतात. माझं सरळ मत आहे: गाडी एकच धरावी, तिच्यावर चार सीझन काढावेत, आणि पैसे घालायचेच तर ब्रेकच्या पेडलात घालावेत. बिल्ड गाडीचं काय करतं हे गाडी ओळखीची असेल तरच कळतं. अनोळखी गाडीत सगळंच नवं लागतं, त्यात बदललेलं कोणतं ते वेगळं काढणार कसं?

नव्या सीझनचं वेळापत्रक बिल्डच्या आसपास येतं. कुठल्या आठवड्यात कुठला ट्रॅक, किती लॅप, आणि आता पावसाची शक्यता किती तेही. अजिंक्यपदाला बारांपैकी सर्वोत्तम आठ आठवडे धरतात, म्हणजे चार सोडता येतात. आमच्या तिघांच्या चमूत सगळ्यांत मोठं भांडण याच चारांवरून होतं. एक डोंबिवलीचा, एक स्टुटगार्टला नोकरीला गेलेला, आणि वयाने थोरला म्हणून निवाडा करायला मी. युरोपातली गर्दीची वेळ म्हणजे आमची मध्यरात्र, तेव्हा हे भांडणही मध्यरात्रीच, हेडफोनवर, दबक्या आवाजात चालतं. यंदा डोंबिवलीकराने यादी वाचून हिशेब तयारच ठेवला होता.

“दादा, पावसाचे चार आठवडे आहेत. चारही सोडू. बरोबर आठ उरतात.”

“पावसाचे चारही ठेवायचे,” मी म्हटलं.

“मग सोडायचं काय?”

“मोंझा सोड. तिथे पहिल्या वळणाला अर्धी मंडळी कोरड्यातसुद्धा एकमेकांवर चढतात.”

स्टुटगार्टचा इतका वेळ गप्प होता. त्याने मोंझा विकत घेतलेला होता.