देखरेख नको, पोलीस द्या

2020 च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदासाठी कुणाला मत द्यायचं, यावर आमच्या घरात वाद नव्हता. वाद झाला तो त्याच मतपत्रिकेवरच्या काउंटीच्या सनददुरुस्त्यांवरून. वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका टपालाने घरी येते, त्यामुळे ती जेवणाच्या टेबलावर पसरून दोन-तीन संध्याकाळी सावकाश भांडता येतं. चौथी दुरुस्ती म्हणत होती की शेरिफच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या नागरी कार्यालयाला समन्स काढायचा अधिकार द्या. पाचवी म्हणत होती की शेरिफ लोकांनी निवडून देणं बंद करा, यापुढे तो नेमला जाऊ द्या. बायकोने दोन्ही मंजूर केल्या, मी दोन्ही नामंजूर. निकालात दोन्ही मंजूर झाल्या.

किंग काउंटी म्हणजे सिएटल आणि त्याच्या भोवतालचा मुलूख. बावीस लाखांवर वस्ती. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड यांची पोलीस दलं स्वतःची. पण बरीच लहान शहरं शेरिफच्या खात्याशी करार करतात आणि पोलीस भाड्याने घेतात. आम्ही राहतो ते सॅमॅमिश त्यातलंच. गाडीवर नाव शहराचं, आत बसलेला डेप्युटी काउंटीचा. इथे मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि यातल्या बहुतेकांना आपले पोलीस नक्की कुणाचे हे ठाऊक नसतं. मलाही बरीच वर्षं नव्हतं.

माझा विरोध बिनबुडाचा नव्हता, हे आजही म्हणेन. नेमलेला पोलीसप्रमुख कसा असतो हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवायला लागत नाही. पालकमंत्र्यांचं न ऐकणाऱ्या एसपींची बदली किती दिवसांत होते, यावर आमच्या गावात पैजा लागत. त्या मानाने लोकांनी थेट निवडून दिलेला शेरिफ, ज्याला कुणी रात्रीत उचलून दुसरीकडे टाकू शकत नाही, मला फार रुबाबदार वाटे. किंग काउंटीने 1968 च्या सनदेत शेरिफ नेमायचं ठरवलं होतं, आणि 1996 मध्ये मतदारांनीच ते फिरवून त्याला निवडणुकीत आणलं होतं. लोकांनी मिळवलेलं परत का द्यायचं, हा माझा प्रश्न.

चौथ्या दुरुस्तीवरचा आक्षेप जास्त रोखठोक होता. आमच्याकडे तेव्हा एकच विषय चाले: घरफोड्या. भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांना कळलेलं आहे, ही इथल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटातली कायमची चर्चा. अशा वेळी आहेत त्या पोलिसांच्या डोक्यावर आणखी एक साहेब बसवायचा, त्याला समन्सचा कागद द्यायचा, म्हणजे जे आहेत तेही निघून जातील. देखरेख आणि मनुष्यबळ ही माझ्या मते तराजूची दोन पारडी होती.

पुढच्या दोन वर्षांनी मला भरपूर दाखले पुरवले. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थ जवळ बाळगण्याविरुद्धचा कायदाच रद्दबातल ठरवला. त्याच वर्षी विधिमंडळाने बळाच्या वापरावर आणि गाडीचा पाठलाग करण्यावर कडक बंधनं घातली. ऑक्टोबरमध्ये कोविड लसीची सक्ती आली. खात्यातून माणसं जाऊ लागली, भरतीसाठी हजारो डॉलरचे बोनस जाहीर झाले. इतर राज्यांशी तुलना केली तर लोकसंख्येच्या प्रमाणात सगळ्यात कमी पोलीस वॉशिंग्टनमध्ये आहेत, हजारामागे दीडसुद्धा भरत नाहीत. इकडे रस्त्यावरून गाड्या चोरीला जात होत्या. मी टेबलावर हात आपटून सांगत असे, मी म्हटलंच होतं.

माझ्या या खात्रीला पहिला तडा गाड्यांमुळेच गेला. चोरीच्या गाड्यांत किया आणि ह्युंदाई एवढ्या का, हे कुतूहल म्हणून वाचायला घेतलं. त्या कंपन्यांच्या अमेरिकेत विकलेल्या अनेक मॉडेलमध्ये चावीशिवाय इंजिन चालू न देणारा इमोबिलायझरच बसवलेला नव्हता, आणि ती कशी चालू करायची याचे व्हिडिओ पोराटोरांनी देशभर पसरवले होते. ही लाट आधी उसळली ती मिलवॉकीत, जिथे वॉशिंग्टन राज्याच्या पाठलागबंदीचा काही संबंध नव्हता. खुनांचंही तसंच. 2020 मध्ये ते देशभर जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले, देखरेख कडक असलेल्या गावांत वाढले आणि नसलेल्या गावांतही. पुढे 2023 आणि 2024 मध्ये ते देशभर झपाट्याने उतरले, तेव्हा ठिकठिकाणच्या पोलीस दलांतल्या रिकाम्या जागा काही भरलेल्या नव्हत्या. पाठलागाचं बंधन मला आजही जरा जास्तच वाटतं. राज्याने 2023 आणि 2024 मध्ये ते बरंच सैल केलं, ते बरं झालं. पण गुन्ह्यांचा आलेख आणि पोलिसांची पटसंख्या या दोन गोष्टी मी समजत होतो तशा एका दोरीला बांधलेल्या नाहीत, एवढं मान्य करावं लागलं.

मग आमच्या वस्तीच्या सभेला, घराची सुरक्षा या विषयावर बोलायला, एक डेप्युटी आला. कॅमेरे कुठे लावा, दागिने कुठे ठेवू नका, वगैरे सांगून झाल्यावर मी विचारलं, तुमचे लोक जातात कुठे? मला अपेक्षित उत्तर होतं की वैतागून नोकरी सोडतात. तो म्हणाला, त्याच्या ओळखीतले बरेचसे शेजारच्या शहरांच्या पोलीस दलांत गेले. पगार बरा, सुट्ट्या ठरलेल्या, जबरदस्तीचा ओव्हरटाइम कमी. घरी येताना लक्षात आलं की शेजारच्या शहरात राज्याचे कायदे तेच आहेत. त्यांना कंटाळून माणूस पळत असता तर तो सीमा ओलांडून आयडाहोत गेला असता, वीस मिनिटांवरच्या गावात नाही.

ओव्हरटाइम हा शब्द डोक्यात राहिला, आणि त्यातून मी काउंटीच्या हिशेबतपासनीसांचा 2017 चा अहवाल उघडला. असे अहवाल कुणी वाचत नाही. हा वाचायला हवा होता, तोही 2020 च्या आधी. शेरिफच्या खात्यातल्या ओव्हरटाइमची आणि डेप्युट्यांच्या घडलेल्या प्रकरणांची त्यांनी सांगड घालून पाहिली होती. आठवड्यात ओव्हरटाइमचा एक तास वाढला, तर पुढच्या आठवड्यात त्या माणसाकडून बळाचा वापर होण्याची शक्यता 2.7 टक्क्यांनी वाढते आणि नीतिनियमांचा भंग होण्याची 3.1 टक्क्यांनी. आकडे किरकोळ वाटतात. पण ओव्हरटाइम कुणी एकच तास करत नाही.

हे मी मिरजेच्या मामांना फोनवर सांगितलं. मामा पोलिसांत होते, जमादार म्हणून निवृत्त झाले. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी चाललेली असते, आणि मामांनी अशा मिरवणुकांत नोकरी घालवली. ते हसले. म्हणाले, "अरे, हे कळायला तुमच्याकडे ऑडिटर लागतो? सलग सोळा तास उभं राहिलं की समोरचा माणूस माणूस दिसत नाही रे. मिरवणूक सरत आली की ज्याला काठी बसते ना, त्याचा स्वतःचा दोष निम्मासुद्धा नसतो."

"मग मामा, तुमच्यावर देखरेख असती तर बरं झालं असतं का?"

"देखरेख होतीच की, साहेबांची. पण साहेब पण माझ्याएवढाच दमलेला. तो काय बघणार?"

मी ज्यांना दोन पारडी समजत होतो, ती दोन नव्हतीच. माणसं कमी म्हणजे तास जास्त, तास जास्त म्हणजे चुका जास्त. आणि त्या चुका पाहणारे सार्जंट, तक्रारींची चौकशी करणारे अंतर्गत विभागाचे लोक, तेही त्याच तुटपुंज्या मनुष्यबळातून येतात. ज्या दलात माणसं कमी आहेत त्याला बाहेरच्या डोळ्याची गरज सर्वात जास्त, आणि मी नेमक्या त्याच दलाला तो नको म्हणत होतो.

बाहेरचा डोळा काय करतो, तेही तेव्हाच नीट वाचलं. चौथ्या दुरुस्तीतल्या त्या नागरी कार्यालयाचं नाव ओलिओ. ते कुणाला शिक्षा करत नाही, ते शेरिफचं काम. पोलिसांनी स्वतःच्या माणसाची केलेली चौकशी सर्वांगीण आणि निःपक्ष झाली का, एवढं तपासून ते तिला मान्यता देतं किंवा नाकारतं. 2017 च्या जूनमध्ये ब्युरियन या गावात शेरिफच्या एका डेप्युटीने वीस वर्षांच्या, व्हिएतनामी कुटुंबातल्या तरुणाला गोळ्या घातल्या. त्याच्या हातात चाकूसारखं काही होतं असं आधी सांगितलं गेलं. निघालं पेन. त्या गोळीबाराच्या चौकशीतल्या उणिवा ओलिओने नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये कागदावर मांडल्या, आणि 2021 मध्ये काउंटीने कुटुंबाला पन्नास लाख डॉलर दिले. तेव्हा काउंटीच्या डेप्युट्यांच्या अंगावर कॅमेरे नव्हते.

कॅमेरा असला की काय होतं, ते सिएटल शहराच्या पोलीस दलाने दाखवलं. ते दल वेगळं, पण ही बातमी इथल्या प्रत्येक भारतीय घरात पोचली. जानेवारी 2023 मध्ये आंध्रातून शिकायला आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला पोलिसांच्या गाडीने उडवलं. ताशी पंचवीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी चौऱ्याहत्तरच्या वेगाने चालली होती. नंतर दुसरा एक अधिकारी, पोलीस संघटनेचाच उपाध्यक्ष, फोनवर हसत तिच्या जिवाची किंमत ठरवताना त्याच्याच कॅमेऱ्यात ऐकू आला. कॅमेरा चालू राहिला होता, म्हणून. आणि ते ध्वनिमुद्रण नेहमीच्या कामात कानावर पडलं ते खात्यातल्याच एका कर्मचाऱ्याच्या, ज्याने ते वर कळवलं. हसणाऱ्याला जुलै 2024 मध्ये काढलं, गाडी चालवणाऱ्याला जानेवारी 2025 मध्ये. गाडी चालवणाऱ्यावर गंभीर गुन्हा दाखल करायचा नाही, असं सरकारी वकिलांनी त्याआधीच ठरवलं होतं. सगळ्या प्रकरणात मला दिलासा वाटला तो त्या एका कर्मचाऱ्याचा. देखरेख म्हणजे फक्त बाहेरून ठेवलेली पाळत, हा माझा समज त्याने मोडला.

पण बायकोचं मतही पुरतं बरोबर ठरलं असं नाही, आणि हे तिला ऐकायला आवडत नाही. मतपेटीतून अधिकार मिळाला म्हणजे तो हातात येतो असं नाही. ओलिओचा ठराव 2006 चा, आणि पहिला संचालक रुजू झाला 2011 मध्ये. मधली वर्षं डेप्युट्यांच्या संघटनेशी, म्हणजे गिल्डशी, चाललेल्या रस्सीखेचीत गेली, कारण कामाच्या अटी बदलायच्या तर वाटाघाटी कराव्याच लागतात. खरी गंमत 2022 च्या करारात आहे. त्यात पगारात घसघशीत वाढ आहे आणि त्याच करारात अंगावरच्या कॅमेऱ्यांना मान्यताही आहे. माणसं टिकवायचे पैसे आणि माणसांवर नजर ठेवायची सोय, दोन्ही एकाच टेबलावर ठरलं. 2025 मध्ये राज्याने पोलीसभरतीसाठी दहा कोटी डॉलरचं अनुदान काढलं, तेही प्रशिक्षणाच्या आणि बळाच्या वापराची माहिती देण्याच्या अटींसकट.

गिल्डवर मी पूर्वी तोंडसुख घ्यायचो. मामांनी तेही बंद केलं. महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होती, 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांनी बंड केलं आणि ती मोडली. "त्यानंतर आमच्या वतीने कोण बोललं सांग. रजा रद्द, ड्यूटी डबल, बोलायचं कुणाकडे?" 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली, आणि 2014 च्या दुरुस्तीने महाराष्ट्राच्या कायद्यात तसं प्राधिकरण आलं. पण शिपायाच्या तासांबद्दल वाटाघाटी करणारा तिथे आजही कुणी नाही. संघटना अडथळा आणते हे खरं. पण ती नसली की अडथळ्यांबरोबर करारही नाहीसा होतो, हे मला मिरजेहून शिकावं लागलं.

पाचव्या दुरुस्तीवर मात्र माझं मन अजून पुरतं वळलेलं नाही. नेमणुकीने आलेल्या शेरिफ पॅटी कोल-टिंडल यांनी पूर्वी काही काळ ओलिओचं हंगामी संचालकपद सांभाळलं होतं. नजर ठेवणारं कार्यालय आतून पाहिलेली बाई निवडणुकीतून त्या खुर्चीवर आली असती का, मला शंका आहे. तरी उद्या एखादा काउंटीप्रमुख स्वतःच्या मर्जीतला होयबा नेमेल, ही माझी मराठी भीती जात नाही, आणि तिला बायकोकडेही उत्तर नाही.

घरफोड्यांची चर्चा आमच्या गटांवर चालूच आहे. नवीन डेप्युटी काही आठवड्यांत तयार होत नाही. भरतीनंतर ब्युरियनच्या अकादमीत 720 तासांचं शिक्षण, मग अनुभवी माणसाबरोबर काही महिने फिरती, तेव्हा कुठे तो एकटा गस्तीला लागतो. म्हणून आता नगर परिषदेत पोलीस कराराचा विषय निघाला की मी बोलायला नाव नोंदवतो. किती पोलीस देणार हे विचारत नाही, ते बाकीचे विचारतातच. मी विचारतो, आमच्याकडच्या डेप्युट्यांनी गेल्या महिन्यात ओव्हरटाइम किती केला, आणि ओलिओने किती चौकशांना मान्यता नाकारली. बोलायला तीन मिनिटं मिळतात. पहिला प्रश्न काउंटीच्या कुणाला नीट समजावून सांगण्यातच त्यातली दोन जातात.