आपाचा आवडता सिनेमा

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी भावंडं आपाकडे जमतो. आदल्या दिवशीचा शीरखुर्मा घट्ट झालेला असतो, पोरं मोबाईलात डोकं घालून बसलेली असतात आणि दुपारी कुणीतरी जुना सिनेमा लावतं. नव्वद टक्के वेळा तो ‘चौदहवी का चाँद’ असतो. मग भाईजान उशीला टेकून म्हणतात, ‘‘ऐसे पिक्चर अब नहीं बनते.’’ सगळे माना डोलवतात. आम्ही दोघी बहिणी तेवढ्या गप्प असतो. हे गप्प बसणं आता चाळीसेक वर्षांचं झालं. यंदा ठरवलं, की लिहूनच टाकू.

हा सिनेमा आम्ही पहिल्यांदा पाहिला तो तंबूत. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेला टुरिंग टॉकीज यायची. मधे कनात लावून बायकांची बाजू वेगळी केलेली असे. साल १९६८ असावं. सिनेमा १९६०चा, पण आमच्याकडे सगळं उशिराच पोचायचं. आपा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या लहान पोरी. शेवटी नवाब हिरा गिळून जीव देतो तेव्हा आपा इतकी रडली, की अम्मीने तिला पदराने तोंड पुसून गप्प केलं. आम्हाला काही कळलं नव्हतं. जॉनी वॉकर आला की हसायचं आणि बाकीच्या वेळी शेंगा खायच्या, एवढंच.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लखनौतले दोस्त. नवाबाचा जीव एका मुलीवर जडतो, पण ती कोण हे त्याला ठाऊक नाही, कारण मधे पडदा आहे. योगायोगाने तिच्याशीच अस्लमचं, म्हणजे गुरुदत्तचं, लग्न होतं. आपली बायको म्हणजेच दोस्ताची ती मुलगी, हे अस्लमला कळतं. मग दोस्तीखातर तो ठरवतो, की बायकोला मोकळं करायचं. तिनेच कंटाळून तलाक मागावा म्हणून तो कोठ्यावर जायला लागतो. या सगळ्याला आपले लोक ‘कुर्बानी’ म्हणतात. गुरुदत्त, वहिदा, रहमान, रवीचं संगीत, रफीचा आवाज. ‘कागज के फूल’मध्ये बुडालेल्या गुरुदत्तला याच सिनेमाने सावरलं. शकील बदायुनींना आणि रफींना त्या शीर्षकगीतासाठी फिल्मफेअर मिळालं. गाण्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. ते ऐकताना आमचाही हात थांबतो. पण एक गोष्ट बघा. नवरा तिची सगळ्यांत जास्त तारीफ करतो ती त्या गाण्यात, आणि गाणं सुरू होतं तेव्हा ती झोपलेली असते. पुढे तिला कुणाला द्यायचं याचा विचार चालतो तेव्हा ती जागी असते, पण तिला कुणी विचारत नाही.

आमचे अब्बा मणियार. आठवडी बाजारात चादर टाकून बांगड्या भरायचे. मराठ्यांच्या, धनगरांच्या, महारवाड्यातल्या, आपल्यातल्या, सगळ्या बायका त्यांच्यापुढे हात करायच्या. ‘‘मामू, जरा सैल भरा.’’ अम्मी शेजारी बसून काचेच्या कांकणांचे जुडे सोडायची, डोक्यावर लुगड्याचा पदर. बुरखा ट्रंकेत असे आणि परगावी लग्नाला जाताना निघे. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या गल्लीत हा सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. कुणाची पोरगी कोण, हे पहिल्या दहा मिनिटांत मामूने सांगितलं असतं, हाताच्या मापासकट.

पण त्या काळच्या ‘मुस्लिम सोशल’ नावाच्या सिनेमांनी मणियार, बागवान, तांबोळी, पिंजारी यांना दारातसुद्धा उभं केलं नाही. ‘मेरे महबूब’ (१९६३) मध्ये अलीगढचा विद्यार्थी बुरख्यातले डोळे बघून वेडा होतो. ‘पाकिजा’ (१९७२) मध्ये पाय बघून. हवेल्या, झुंबरं, शेरवान्या. नोकरी-धंद्याचं कुणी नाव काढत नाही. आम्ही दोघींनी मराठी शाळेत तीस-तीस वर्षं शिकवलं. स्टाफरूममध्ये नव्या बाई आल्या की वर्षाच्या आत एकदा तरी विचारायच्या, ‘‘तुमच्या घरी असंच बोलत असतील ना हो, सिनेमातल्यासारखं? किती गोड वाटतं!’’ आमच्या घरी ‘कायकू’ आणि ‘नक्को’ चालतं, हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आपण अस्सल नाही, नकली मुसलमान आहोत, असं आम्हालाच वाटायला लागायचं. ‘मुगल-ए-आझम’ला आम्ही यातून सूट देतो. तो राजा-महाराजांचा खेळ आहे आणि आमचं घर अकबराच्या दरबारासारखं असेल असा समज कुणी करून घेतला नाही. शिवाय त्यात जोधाबाई आमच्या दुर्गाबाई खोटे आहेत.

असो. भाषेचा राग गिळता येतो. खरं दुखणं वेगळं आहे.

आपाचं लग्न १९७२ साली झालं आणि १९७६ साली एका दुपारी पोस्टमनने रजिस्टर पाकीट आणलं. अब्बांनी सही करून घेतलं. उर्दू त्यांना धड वाचता येईना, म्हणून मशिदीतून हाफिजसाहेबांना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि कागद घडी घालून गादीखाली ठेवला, जसं काही तो उघडा राहिला तर आणखी काही होईल. तीन ओळी होत्या. कारण नव्हतं. आपा माहेरी आलेली होती, चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने ती भाकरी पुरी केली. मेहेर आलाच नाही. इद्दत संपल्यावर एका बाजारच्या दिवशी ती अब्बांच्या शेजारी जाऊन बसली आणि बांगड्या भरायला लागली. पुढे ते दुकान तिनेच चालवलं, आम्हा दोघींना डी.एड. तिच्याच पैशांनी झालं.

हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला तो १८ एप्रिल १९६६ रोजी. म्हणजे गावोगावच्या तंबूंत लोक ‘वा, काय कुर्बानी आहे’ म्हणून डोळे पुसत होते, त्याच वर्षांत त्या सातजणी उन्हात चालत होत्या. मोर्च्याची बातमी आमच्या गल्लीत शिवी म्हणून पोचली. सिनेमाची तारीफ मात्र अजून चालू आहे. एका दमातला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला २०१७ साली, कायदा झाला २०१९ साली. आपाला त्याचा काय उपयोग होता!

नंतर १९८२मध्ये ‘निकाह’ आला. बायकांची झुंबड उडाली. त्यातली निलोफर शेवटी दोन्ही नवऱ्यांना सुनावते, ते आम्हाला पटलं, टाळ्याही वाजवल्या. पण तिला तलाकनंतर मासिकात नोकरी आणि शायर नवरा मिळतो. बाहेर पडल्यावर आपा एवढंच म्हणाली, ‘‘साड्या अच्छ्या थ्या.’’

आमच्या मनासारखे सिनेमे नव्हतेच असं नाही. ‘गर्म हवा’तले सलीम मिर्झा, बलराज साहनींचे, जोडे बनवतात, बँकेकडे कर्ज मागतात आणि भाड्याचं घर शोधत फिरतात. हे आम्हाला ओळखीचं होतं. त्याही आधी, १९४१ साली, प्रभातचा ‘शेजारी’. गजानन जागीरदारांनी मिर्झा केला आणि केशवराव दात्यांनी जीवबा. गावातला म्हातारा मुसलमान पडद्यावर मराठी बोलतो, शेजाऱ्याशी भांडतो आणि धरण फुटतं तेव्हा त्याच्याबरोबरच मरतो. आमच्या समाजात जुन्या सिनेमांच्या गप्पा निघतात तेव्हा ‘शेजारी’चं नाव कुणी घेत नाही. त्यात शेरवानी नाही म्हणून असेल.

आता खरी अडचण सांगतो. भाईजानशी वाद घालायला आम्ही भीत नाही. अडचण ही, की आपाचा आवडता सिनेमा हाच आहे. १९८६ साली आमच्याकडे टीव्ही आला आणि एका रविवारी तो लागला, तेव्हा आम्ही उठून बटण बंद करायला गेलो. आम्हाला वाटलं, तिला त्रास होईल. तिने हात धरला. सिनेमा संपेपर्यंत बसली. रात्री अंथरुणावर धाकटीला राहवलं नाही. ती म्हणाली, ‘‘आपा, तुला हा सिनेमा कसा काय आवडतो गं? तो माणूस बायकोला वस्तूसारखी द्यायला निघालाय.’’

आपा बराच वेळ काही बोलली नाही. मग अंधारात म्हणाली, ‘‘देख गे, रोता तो है वो. छोडने का सोचता तो रोता है.’’

यावर काय बोलणार? आमची सगळी मतं, वाचलेली पुस्तकं, मंडळातली भाषणं तिथे थांबली. तिच्या वाट्याला तीन ओळींचं पाकीट आलं होतं. सोडून देण्याआधी तडफडणारा नवरा तिला पडद्यावर तरी दिसत होता. आम्ही तिचं म्हणणं मान्य केलं नाही, आजही करत नाही. रडून सोडलं काय आणि न रडता सोडलं काय, विचारलं कुणाला? पण तेव्हापासून तिच्यासमोर आम्ही तोंड उघडलेलं नाही.

आपाने आता सत्तरी ओलांडली. गुडघे गेलेत, पण हात अजून नवऱ्या मुलीला चुडा भरण्याइतके मऊ आहेत. गेल्या ईदला भाचीने मोबाईल टीव्हीला जोडून सिनेमा लावला. नवाब मेला, भाईजानांनी डोळे पुसले. भाची कॉलेजात आहे. ती सरळ म्हणाली, ‘‘बडी खाला, यात त्या जमीलाला कुणी काही विचारतच नाही.’’

खोली शांत झाली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आपाने चष्मा काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, ‘‘हौ. मालूम है मेरेकू.’’ मग म्हणाली, ‘‘वो गाना फिरसे लगा.’’

भाचीने गाणं मागे नेऊन लावलं.