रेडिओवर मावलेली गाणी

तीन मिनिटांत काय सांगून होतं, हा प्रश्न आमच्या मिरजेला नवा नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मैफलीत एकेक राग तब्येतीनं, सावकाश मांडायचे. पण त्यांचं जे गाणं आज आपल्या कानांवर येतं ते तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरायची आणि एका बाजूला त्याहून जास्त फारसं मावायचं नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात निजले आहेत. पण त्या तीन मिनिटांत त्यांनी काय ठेवलं आणि काय सोडलं, यावर आमच्या गल्लीत चहाच्या कपाबरोबर अजून वाद होतो.

हाच वाद विलायतेत वेगळ्या लोकांनी वेगळ्या वाद्यांवर घातला, आणि आम्ही तो रेडिओवर ऐकला. १९६०चं दशक संपता संपता तिकडच्या काही पोरांना साध्या रॉकचा कंटाळा आला. त्यांनी त्यात चर्चमधला ऑर्गन आणला, जॅझ आणलं, पाच-सात मात्रांचे आडवे ठेके आणले आणि गाणी लांबवली. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. जेथ्रो टल या बँडची १९७२ची 'थिक ॲज अ ब्रिक' ही लाँगप्ले तर दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. आता असलं गाणं रेडिओवर कोण लावणार? रेडिओवाल्याला मध्ये जाहिरात लावायची असते, तासाला पंधरा-वीस गाणी संपवायची असतात. अमेरिकेत १९६७पासून काही एफएम केंद्रं लांब गाणी पूर्ण वाजवू लागली होती, पण गाणं घराघरांत जायचं ते तीन मिनिटांच्या छोट्या तबकडीनंच.

आमच्या घरात ते लघुलहरींवरून आलं. १९७०च्या दशकाची अखेर. अब्बांचा रेडिओ, सिलोनची इंग्रजी सभा, कधी बीबीसी. ज्यांनी शॉर्टवेव्ह ऐकली आहे त्यांना सांगायला नको, तिथं आवाज एकसारखा येत नाही. लाट येते तसा येतो, मग दूर जातो, मध्ये खरखर, मध्ये कुणाचं तरी अरबी किंवा चिनी. हळू आवाजाचे, नाजूक तुकडे त्या खरखरीत बुडून जायचे. गाण्यातलं जे घट्ट असेल, म्हणजे ठेका आणि मुखडा, तेवढंच मिरजेपर्यंत पोहोचायचं. म्हणून आमचं असं मत झालं, ते आजही आहे, की गाणं रेडिओला चालणारं आहे की नाही याची खरी परीक्षा लंडनच्या स्टुडिओत होत नाही, खराब रेडिओवर होते.

त्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झालेलं गाणं म्हणजे पिंक फ्लॉइडचं 'मनी'. १९७३चं. सुरुवातीला नाणी खणखणतात, कागद फाटतो, दुकानातला गल्ला उघडतो. रॉजर वॉटर्सनं बायकोच्या मातीकामाच्या भांड्यात नाणी टाकून तो आवाज घेतला होता. मग टेपचे तुकडे फूटपट्टीनं मोजून सारख्या लांबीचे कापले, एकाला एक चिकटवले आणि त्यांचं वेटोळं फिरत ठेवलं. आवाज सात, म्हणून आवर्तन सात मात्रांचं. त्याच सातावर बास गिटार येते आणि गाणं सुरू होतं.

आमचे मामू तंबोरे करायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सगळं काम त्यांच्या हातचं. इंग्रजी गाण्यांना ते 'डब्बा बजाना' म्हणत. एकदा संध्याकाळी ते आमच्याकडे बसले असताना 'मनी' लागलं. बोलता बोलता त्यांची बोटं मांडीवर चालू लागली आणि बोलणं थांबलं.

"ये तो रूपक है रे! गोरे लोगां कू रूपक कायकू मंगता?"

मग त्यांनीच शंका काढली. रूपकाची सम खालीवर असते, तिथं हलकं असतं. या गाण्यात पहिल्याच मात्रेवर धपकन पाऊल पडतं. म्हणजे सात खरे, पण रूपक नव्हे. पुढं गिटार एकटी वाजायला लागली तशी बोटं पुन्हा अडखळली, कारण डेव्हिड गिल्मरचा तो तुकडा चार-चार मात्रांत आहे. "अब सीधे रस्ते पे आया," मामू म्हणाले. तुकडा संपून गाणं पुन्हा सातावर आलं तेव्हा त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की अम्मीनं आतून विचारलं, काय झालं?

हे गाणं अमेरिकेच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. गाडी चालवताना, भांडी घासताना लाखो माणसांनी ते ऐकलं. त्यातल्या कितीजणांना आपण सात मोजतो आहोत हे कळलं असेल? त्यांना कळायची गरजही नव्हती. पैशाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. त्या ओळखीच्या आवाजाचं बोट धरून माणूस सातात शिरतो आणि आपण अवघड जागी आलो हे त्याच्या लक्षातही येत नाही.

जेथ्रो टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट' त्याच्याही आधीचं, १९६९चं. त्याची कथा मजेची आहे. मॅनेजरला एक चालणारं गाणं हवं होतं. इयन अँडरसन सांगतो की त्यानं मुद्दाम पाच मात्रांचं, चालणारच नाही असं गाणं करून दिलं. ते इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. बासरी ऐकावी, डोलावं, झपतालाच्या निम्म्यावर लोक नाचले.

पण सगळीच गाणी अशी धडधाकट रेडिओवर पोहोचली नाहीत. येस या बँडचं 'राउंडअबाउट' आम्ही आधी रेडिओवर ऐकलं आणि आवडलं. पुढं १९८३ साली खालाचा मुलगा दुबईहून सुटीवर आला, त्यानं कॅसेटींची एक पिशवी आणली. त्यात ते गाणं पूर्ण होतं. साडेआठ मिनिटं! रेडिओसाठी केलेली आवृत्ती तीन मिनिटं सत्तावीस सेकंदांची. म्हणजे पाच मिनिटं कुणीतरी कात्रीनं कापून काढली होती. त्या छोट्या आवृत्तीनंच गाणं १९७२ साली अमेरिकेत तेराव्या क्रमांकावर नेलं, हेही खरं. पण पूर्ण गाण्यात मध्ये एक जागा आहे, सगळा गोंगाट विरतो आणि सुरुवातीची गिटार पुन्हा एकटी, अगदी हळू येते. मग रिक वेकमनचा ऑर्गन सुटतो. गाणं तिथं श्वास घेतं. पाच मिनिटं गेली की पहिल्यांदा श्वासच जातो. ते कापणाऱ्याला आम्ही दोष देत नाही, त्याला घड्याळ होतं. पण त्या रात्री आम्ही ती कॅसेट चार वेळा मागे फिरवून ऐकली आणि एखाद्या नातेवाइकाला आपण इतकी वर्षं फक्त फोटोतच पाहत होतो असं वाटलं.

कात्रीशी आमचीही गाठ पडली, म्हणून हे सगळं लिहितो आहोत. १९९४ साली एका रेडिओ केंद्रानं आमची एक कथा वाचनासाठी मागितली. कथेत नानी होती आणि नानी आमच्या नानीसारखीच दखनी बोलायची. नक्को, हौ, कायकू, असं. बाकी सगळी कथा मराठीत. कार्यक्रम बघणारे साहेब सज्जन होते, चहा पाजला, आणि म्हणाले, "कथा छान आहे. सोळा मिनिटांची आहे ती बारा मिनिटांत बसवा. आणि आजीचं बोलणं जरा शुद्ध मराठी करा. श्रोत्यांना कळायला नको का?"

आम्ही कागद घेऊन घरी आलो. मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. एकीकडून म्हणतात, मुसलमान असून एवढं मराठी कसं? दुसरीकडून म्हणतात, मराठी आहे पण जरा वेगळं येतंय, तेवढं काढा. काढलं तर कथा रेडिओवर मावते, पण नानी राहत नाही. नाही काढलं तर नानी कागदावर राहते आणि कागद फायलीत.

मामूंना विचारलं. ते घोडीवर कानस फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "नानी कू चुप करेंगा तो सुनेंगे किसकू?" एवढंच. त्यांना त्या दिवशी गिऱ्हाइकाची घाई होती.

मग आम्ही 'मनी'चा विचार केला. नाण्यांचा आवाज आधी, सात मात्रा मागून. नानीचा एकही शब्द बदलला नाही, पण तिच्या प्रत्येक अवघड शब्दामागे कुणीतरी मराठीत असं उत्तर देईल असं केलं की शब्दाचा अर्थ आपोआप उघडा पडावा. ती "नक्को" म्हणाली की सून ताट मागं घ्यायची. वेळेसाठी कापलं ते दुसरंच. कथेत मिरज जंक्शनचं वर्णन होतं, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ एका स्टेशनात कसे येत त्याचं. दोन पानं. आमची फार आवडती होती ती पानं. ती गेली. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळावर वाचून घेतलं, पावणेबारा मिनिटं भरली. नानीपाशी ते थोडे थांबले, पण अडले नाहीत.

प्रसारणाच्या दिवशी शेवटची चार वाक्यं बातम्यांच्या सुरावटीखाली गेली, तो भाग वेगळा. पुढं तीन कार्डं आली. एकात मराठी कार्यक्रमात हे काय चालवलंय म्हणून राग होता. दुसऱ्यात नुसतं अभिनंदन. तिसरं कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांचं होतं. त्यांची आई रेडिओसमोर बसून नानीला उलट उत्तरं देत होती म्हणे.

अजिबात न कापता रेडिओवर गेलेलं गाणंही आहे, आणि त्याचा धागा आमच्या जिल्ह्याच्या शेजारून जातो. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', १९७५. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. आधी संथ गाणं, मग गिटार, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा संथ. मुखडा म्हणावा असा मुखडाच नाही. एवढं लांब गाणं कोण वाजवणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. मग लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटच्या हाती त्याची प्रत आली आणि त्यानं एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं. पुढं ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा, साताऱ्याच्या पलीकडे पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. पियानोवर बोटं घट्ट झाली ती तिथंच, पहिला बँडही त्यानं तिथंच काढला. गाण्याच्या ऑपेराच्या भागात 'बिस्मिल्ला' हा शब्द येतो. पहिल्यांदा तो आमच्या रेडिओतून आला तेव्हा अम्मी पिठाच्या हातानं बाहेर आली, "ये कौन बोल्या?" तिला काय सांगणार? पाचगणीचा एक पारशी मुलगा, एवढंच सांगितलं. तिनं मान हलवली आणि आत गेली.

१९८०नंतर मात्र हेच लोक वेगळ्या वाटेनं गेले. किंग क्रिमसन, येस, इमर्सन लेक अँड पामर अशा जुन्या बँडांतली माणसं एकत्र येऊन एशिया हा बँड झाला. त्यांचं 'हीट ऑफ द मोमेंट' १९८२ साली अमेरिकेत चौथं आलं. येसचं 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' १९८४च्या जानेवारीत पहिलं. गाणी वाईट नाहीत, लग्नाच्या घरात लावावीत अशी आहेत. पण त्यांत कापायला काही ठेवलेलंच नव्हतं, कात्री आधीच डोक्यात चाललेली. त्यापेक्षा आम्हाला रशचं 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' जवळचं. कॅनडातल्या या तिघांनी १९८० साली टोरांटोच्या एका रेडिओ केंद्राचं घोषवाक्य उचलून रेडिओवरच गाणं केलं. रेडिओची माया आणि रेडिओचा बाजार दोन्ही त्यात सांगितले, आणि रेडिओनं ते मुकाट्यानं वाजवलं!

मामूंचा कान पुढं पुढं गेला. जवारी काढणाऱ्याचा कान जावा यापेक्षा वाईट काय? तरी ते घोडीखाली दोरा सरकवत, तुंब्यावर तळहात ठेवून थरथर जोखत. शेवटच्या वर्षांत आम्ही त्यांच्यासमोर टेपवर पीटर गॅब्रिएलचं 'सोल्सबरी हिल' लावायचो. जेनेसिस हा बँड १९७५ साली सोडल्यावर गॅब्रिएलनं १९७७ साली केलेलं गाणं, आपली वाट आपण धरण्याविषयीचं. इंग्लंडमध्ये तेरावं आलं. तेही सातात आहे, पण खाली ढोल दर मात्रेला एकसारखा पडतो, त्यामुळं सात आहेत हे चालताना जाणवत नाही. मामू टेपच्या पेटीवर हात ठेवून बसत. ढोल हाताला लागायचा. दुसऱ्या हाताची बोटं सात मोजत, पुन्हा सात, पुन्हा सात. ध्रुपदाच्या शेवटी ते गाणं थोडा वेळ चारात जातं. तिथं त्यांचं बोट हवेत राहायचं.

"यहाँ एक मात्रा ज्यादा डाल्या," ते मोठ्यानं म्हणत, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं. "फिरसे लगा."

आम्ही टेप मागं फिरवायचो.