आईचा रकाना

२०१० साली अमेरिकेत जनगणना झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनीही फॉर्म भरला. वंशाच्या प्रश्नापुढे एकाहून जास्त खुणा करायची मुभा २००० सालापासूनच होती. आई कॅन्ससची गोरी, वडील केनियाचे. तरी ओबामांनी खूण केली ती एकाच चौकटीत, कृष्णवर्णीय.

आपल्यातल्या कुणालाही पहिल्यांदा वाटेल, अगं, मग आईचं काय? वडील तर मूल तान्हं असतानाच दूर गेलेले. वाढवलं आईनं आणि तिच्या आईवडिलांनी. ती सगळी गोरी.

याचं मूळ फार जुनं आहे. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. ऐकायला बाईचा मान वाटतो. प्रत्यक्षात गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूलही गुलामच ठरलं. बापाला ना नाव द्यावं लागलं, ना वाटा. पुढे १९२४ साली त्याच राज्यानं वंशशुद्धीचा कायदा केला. कृष्णवर्णीय रक्ताचा एक थेंब जरी अंगात असला, तरी तो माणूस गोरा नव्हे! गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं उठवली ती १९६७ साली. ओबामा तेव्हा पाच वर्षांचे होते.

आपल्याकडचं माप उलटं. राज्यघटनेच्या ३६६व्या कलमात अँग्लो-इंडियन कोण, याची व्याख्या आहे. युरोपीय वंश बापाच्या बाजूनं आलेला हवा. आई इंग्लिश आणि वडील भारतीय असतील, तर मूल त्यात बसत नाही. तिकडे आई मोजली, इकडे वगळली. दोन्हीकडे सोय पुरुषाचीच. आम्हा बेळगावकडच्या बायकांना हे नवीन नाही. माहेर कन्नड, सासर मराठी, आणि मुलांच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’ म्हणून लिहायची ती वडिलांची भाषा.

कायदे गेले, पण रस्त्यावरची नजर राहिली. वस्तूला अनेक बाजू असतात, हे आपण जैन घरात लहानपणापासून ऐकतो. एकच मूल एका अंगानं गोरं, दुसऱ्या अंगानं काळं असू शकतं. पण दुकानदाराच्या नि पोलिसाच्या नजरेला ‘स्यात्’ ठाऊक नसतं. ती रंग बघते आणि मोकळी होते. मूल आधी त्या नजरेतून स्वतःला ओळखतं. मग ज्या माणसांत त्याला ‘तू आमचाच’ असं म्हटलं जातं, तिथं ते रुजतं.

हे ओळखलं त्या आयांनी. ओबामांच्या आईनं इंडोनेशियात राहत असताना मुलासाठी नागरी हक्कांच्या चळवळीवरची पुस्तकं आणि महेलिया जॅक्सनच्या गाण्यांच्या तबकड्या आणल्या. भारतातून १९५८ साली, १९ वर्षांची असताना बर्कलीला शिकायला गेलेल्या श्यामला गोपालन यांचंही तसंच. नवरा जमैकाचा, पुढे घटस्फोट झाला. अमेरिका आपल्या मुलींकडे कृष्णवर्णीय म्हणूनच बघणार, हे त्यांनी जाणलं आणि त्या अभिमानानंच कमला आणि मायाला वाढवलं. मुली कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जात, तशा देवळातही जात.

जी ओळख आपली स्वतःची नाही, ती लेकरांच्या पायाखाली भक्कम करून द्यायची, याला केवढं काळीज लागत असेल! मुलं आपल्यापासून लांब जातील ही भीती त्यांना वाटली नसेल, असं मला म्हणवत नाही. भीतीपेक्षा मुलाची गरज त्यांनी मोठी मानली, एवढं दिसतं.

आणि आई पुसली गेली का? ऑगस्ट २०२० मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना कमला हॅरिस यांनी भर भाषणात आपल्या ‘चित्तीं’ची आठवण काढली. चित्ती म्हणजे तमिळमध्ये धाकटी मावशी. आमच्याकडच्या कन्नड घरातली चिक्कम्मा. तेव्हा श्यामलाबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. फॉर्मवर या नात्याला रकाना नाही, पण लेकीच्या तोंडी ते राहिलं होतं.