ब्रेकचा आवाज



आमच्या मंडळीची व्हॅन दर रविवारी बेळगावच्या आसपासच्या गावांतून वयस्कर माणसांना उपासनेला आणते. पावसाळ्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून चिर्र आवाज येत होता. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. पण उपकारस्तुतीच्या सणाचा खर्च समोर होता, म्हणून “सणानंतर बघू” असे ठरले. तोवर गाडीत गीते जरा मोठ्याने गात राहिलो. हे लिहिताना लाज वाटते.

पुष्कळ पॅडांवर एक पत्र्याची पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ओरडते, म्हणजे वेळेवर सावध व्हावे. आम्ही झालो नाही. सणानंतर चिर्रची खरखर झाली.

एका शनिवारी चर्चच्या अंगणात आम्ही तिघे कामाला बसलो. आमच्यातल्या एकाने गॅरेजमध्ये काम केलेले आहे, नाहीतर हे धाडस केले नसते. नट आधी सैल केले, मग जॅक लावला आणि खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीजवळ हात घालायचा नाही. कॅलिपर पाइपवर लोंबकळू नये म्हणून तारेने बांधून ठेवला. पॅडवर मसाला उरलाच नव्हता. लोखंडावर लोखंड घासून डिस्कला खोल चरे पडले होते, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली होती. म्हणजे आधी नुसत्या पॅडवर भागले असते, आता दोन्ही बाजूंच्या डिस्कही घ्याव्या लागल्या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असते. ते पुसून काढले, पिस्टन हळूहळू आत दाबला, सगळे बसवले.

आणि घाईत गाडी सुरू केली. पॅडल थेट तळाला गेले! पिस्टन मागे सरकवल्यावर पॅडल घट्ट होईपर्यंत चार-सहा वेळा दाबायचे असते, तेच विसरलो. हँडब्रेक ओढला म्हणून कुंपणापाशी थांबलो. अंगणात तेव्हा संडेस्कूलची मुले नव्हती, ही देवाची कृपा.

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. हे वचन आम्ही अभ्यासवर्गात शिकवले आहे. व्हॅनही त्यात येते, हे सुचले नाही.

रविवारी मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, “आज गाडी गात नाही वाटतं?”

आम्ही त्यांना खरे ते सांगितले, किती आठवडे टाळले तेही. त्या जरा वेळ गप्प बसल्या.

“पुढच्या वेळी आवाज आला की मला सांगा रे बाबांनो,” त्या म्हणाल्या. “मी बसने येईन.”