आजोबांनी ठेवून दिलेला ट्रॅक्टर

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी परड्यात एखादं यंत्र वर्षानुवर्षं उभं असतं. कुणाकडे पाणी उपसायचं ऑइल इंजिन, कुणाकडे गुऱ्हाळाचा चरक, कुणाकडे जुनी राजदूत. विकायला मन होत नाही आणि चालवायला माणूस नसतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी ती जागा एका एचएमटी २५११ ट्रॅक्टरनं अडवली होती.

एचएमटी म्हटलं की मनगटी घड्याळ आठवतं. पण हीच सरकारी कंपनी १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टरही बनवत होती. आराखडा चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरचा, दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून 'झेटर'च म्हणतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं हा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं ठरवलं. आमचा ट्रॅक्टर त्याआधीच, २००९ मध्ये, थांबला होता.

आजोबांनी तो १९७८ मध्ये कर्ज काढून घेतला होता. तो थांबला कसा, याची घरात एक ठरलेली गोष्ट होती. बाबा बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरीला होते. आजोबांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं तेव्हा त्यांनी बाबांना गावी बोलावलं. बाबा नाही म्हणाले. त्या हंगामानंतर आजोबांनी ट्रॅक्टर शेडमध्ये लावला आणि किल्ली विहिरीत फेकली. तीन वर्षांनी आजोबा गेले. बाबा गावी आले की सगळीकडे फिरायचे, शेडकडे मात्र कधी जायचे नाहीत.

गेल्या वर्षी काकांनी त्या शेडच्या जागी घर बांधायचं काढलं. भंगारवाला येऊन किलोवर भाव करून गेला. चुलत भावांचं म्हणणं सरळ होतं : चालत नाही ती वस्तू ठेवायची कशाला? मी दोन महिने मागून घेतले. दसऱ्यापर्यंत सुरू झाला तर ठेवू, नाही तर देऊन टाकू.

खानापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. मी नवी बॅटरी आणू का म्हणून विचारलं, तर त्यांनी हात वर केला. "सेल्फ मारायचा न्हाई. आदी बगूया."

बरीच जुनी इंजिनं बंद पडून मरत नाहीत, पुन्हा सुरू करण्याच्या घाईत मरतात, असं त्यांचं सांगणं होतं. उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजानं चिकटतात. अशा वेळी सेल्फचा झटका दिला तर रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यात आमच्याकडचा पाऊस. सायलेन्सर उघडा राहिला तर पाणी थेट खाली उतरतं आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असेल तो आतून खलास होतो.

त्यांनी पहिल्यांदा सायलेन्सरच पाहिला. त्यावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला होता, खाली प्लॅस्टिक बांधलेलं. मग ते एकेक गोष्ट बघत गेले. चाकं जमिनीवर नव्हती, ॲक्सलखाली चिरे लावले होते. रेडिएटरचं पाणी सोडून कॉक उघडा ठेवला होता. क्लचचं पेडल खाली दाबून लाकडाच्या ठोकळ्यानं अडकवलेलं. टाकी डिझेलनं जवळजवळ काठोकाठ भरलेली.

"कुणी ठेवलंय हे?" त्यांनी विचारलं.

आजोबांनी, असं सांगून मी विहिरीतल्या किल्लीची गोष्टही सांगितली. ते म्हणाले, "हे रागानं सोडलेलं इंजिन नव्हं. हे ठेवून दिलेलं इंजिन हाय."

मग त्यांनी कारणं सांगितली. पेडल दाबून ठेवलं की क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून ओल धरत नाही. पत्रा शाबूत राहतो. एका रात्रीसाठी ट्रॅक्टर लावणारा माणूस यातलं काहीही करत नाही.

तरी काम पुष्कळ होतं. आतल्या डिझेलचा चिकट काढा झाला होता, तो काढून टाकी धुतली. एअर क्लीनरमधलं तेल डांबरासारखं घट्ट झालेलं आणि वरच्या पाइपात कुंभारमाशीचं मातीचं घर. दोन्ही नोझल काढून उद्यमबागेत तपासायला दिली. नोझलच्या भोकांतून सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. मग सगळ्यात वरचा गियर टाकून मागचं चाक हातानं पुढेमागे झुलवायला लागलो. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी चाकाबरोबर फॅनची पुली बोटभर सरकली. संध्याकाळपर्यंत इंजिन पूर्ण फेरा घेऊ लागलं.

सुरू करायच्या दिवशी मिस्त्रींनी आधी ओलं गोणपाट आणि एक फळी मागून घेतली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे किल्ली फिरवून ते बंद होत नाही, डिझेल तोडावं लागतं. जुना पंप आत अडकला असेल तर इंजिन वेग घेत सुटतं. मग हवेचं तोंड दाबणं एवढाच उपाय उरतो. "सुरू करायच्या आदी बंद कसं करायचं ते ठरवा," ते म्हणाले.

स्टॉप ओढून धरून सेल्फ नुसता फिरवला, म्हणजे डिझेल न जाता तेल सगळीकडे पोचलं. नळ्यांतली हवा काढली. मग स्टॉप सोडला. तिसऱ्या खेपेला एक सिलिंडर बोलला, पांढऱ्या धुरानं शेड भरली आणि मिनिटाभरानं दुसरा त्याला येऊन मिळाला. गोणपाट लागलं नाही.

आवाज ऐकून आजी काठी टेकत आली. बाबाही आले, शेडच्या दारापर्यंत. मी आजीला डब्याचं विचारलं, कारण सोळा वर्षांत पत्रा टिकत नाही. ती म्हणाली, "दर मिरगाच्या आदी नवा डबा घालायचा, असं सांगून गेल्यात. मी घालत आले."

बाबा बराच वेळ ऐकत उभे होते. मग आत आले आणि मडगार्डवर हात ठेवला. इंजिनाच्या थरथरीनं तो हात हलत होता. किल्ली आजोबांनी विहिरीत टाकली हे खरंच असणार, ती अजून सापडलेली नाही. राग होताच. पण तो त्यांनी किल्लीवर काढला, इंजिनावर नाही. बाबांना हे मी सांगावं लागलं नाही.

ट्रॅक्टर राहिला. काकांनी घराच्या नकाशात त्याच्यासाठी पडवी काढली आहे. महिन्यातून एकदा जाऊन तो अर्धा तास चालवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. तुमच्या परड्यात असं काही उभं असेल, तर बॅटरी आणण्याआधी ते कुणी आणि कसं ठेवलंय, हे एकदा नीट पाहा. आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर त्याला आधी विचारा.